मोजून झाल्यावर टॉवेल कुठे गेला?

समजा, सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात, मागच्या खोलीत, लांब टेबलावर टॉवेलांचा ढीग पडला आहे. काठांची शिलाई झाली आहे. लोंबणारे धागे कापायचे, डाग-भोक बघायचे आणि मापाप्रमाणे वेगळे करून गठ्ठे बांधायचे, एवढे काम उरले आहे. टेबलापाशी उभी असलेली बाई दोन टॉवेल शेजारी शेजारी धरून कोणता मोठा हे कधीच बघत नाही. एक उचलते, काठावरून हात फिरवते आणि ज्या ढिगाचा तो आहे त्या ढिगावर टाकते. नॅपकिन इकडे, हात पुसायचे तिकडे, अंघोळीचे पलीकडे. आठ टॉवेल असतील तर आठ वेळा हात हलतो, आठशे असतील तर आठशे वेळा.

आता समजा, या बाईचा मुलगा डिप्लोमाला आहे आणि रात्री जेवणानंतर सी भाषेतला एक प्रोग्राम जर्नलमध्ये उतरवतो आहे. विषय क्रमवारी लावण्याचा. बबल सॉर्ट तो आधीच शिकला आहे: शेजारच्या दोघांची तुलना करायची, मोठा अलीकडे असेल तर जागा बदलायच्या, आणि बदलायला काही उरत नाही तोवर हेच करत राहायचे. आठ आकड्यांना अशा २८ तुलना लागू शकतात, हजार आकड्यांना ४,९९,५००. याहून हुशार पद्धती आहेत. पण दोन-दोन वस्तूंची तुलना एवढेच हत्यार हातात असेल, तर हजार वस्तूंसाठी वाईटात वाईट प्रसंगी ८,५३० तुलनांच्या खाली कोणतीच पद्धत जाऊ शकत नाही, हे गणिताने सिद्ध झालेले आहे. आई मात्र हजार टॉवेल हजार वेळा उचलून मोकळी होते. गणिताचा नियम ती मोडत नाही. तो नियम तुलना करणाऱ्यांसाठी आहे, आणि ती तुलनाच करत नाही.

तिचे काम यंत्राला शिकवणाऱ्या पद्धतीचे नाव काउंटिंग सॉर्ट. हॅरॉल्ड सीवर्ड यांनी १९५४ साली अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये, आपल्या पदव्युत्तर प्रबंधात ती मांडली. नवशिक्यालाही ती जमते, कारण तिला साधे ॲरे, म्हणजे क्रमांक दिलेल्या खणांच्या ओळी, पुरतात.

मुलाने आईचेच टॉवेल घेतले. नॅपकिनला ०, सर्वांत मोठ्या अंघोळीच्या टॉवेलला ४, मधल्या मापांना मधले आकडे. टेबलावर ते या क्रमाने आले: ३, १, ४, १, ०, ३, २, १. मग पाच खणांचा दुसरा ॲरे केला आणि सगळ्या खणांत शून्य भरले. यादीवरून एकदा चालत जायचे. ३ दिसला की ३ क्रमांकाच्या खणात एक वाढवायचा, १ दिसला की १ क्रमांकाच्या खणात. यादी संपली तेव्हा खणांत आकडे होते १, ३, १, २, १. म्हणजे शून्य मापाचा एक, एक मापाचे तीन, दोनचा एक, तीनचे दोन, चारचा एक. आता खण ओळीने वाचत लिहून काढायचे: एकदा ०, तीनदा १, एकदा २, दोनदा ३, एकदा ४. पडद्यावर उमटले: ०, १, १, १, २, ३, ३, ४. पहिल्याच झटक्यात बरोबर.

त्याने आईला बोलावून दाखवले. तिने आकडे पाहिले, बोटाने मोजले, आठ भरले.

“आकडे लागले रे ओळीनं,” ती म्हणाली. “पण टॉवेल कुठं हायत?”

हा प्रसंग कल्पनेतला असला तरी प्रश्न खरा आहे. पडद्यावर जे तीन १ दिसतात त्यांपैकी एकही टेबलावरून आलेला नाही. यादीतला दुसरा टॉवेल, चौथा आणि आठवा असे ते तीन होते. त्यांतल्या एकाच्या कोपऱ्यावर तेलाचा पुसट डाग असेल, एकाचा काठ किंचित तिरका शिवलेला असेल. प्रोग्रामने त्यांना पाहिले, खणात खूण केली आणि सोडून दिले. नंतर ‘तीन’ या आकड्यावरून तीन नवे १ घडवले. मालाच्या जागी मालाची बेरीज आली. जर्नलला पूर्ण गुण मिळतील, कारण तिथे आकड्यामागे काही नव्हतेच. पण आकड्यामागे वस्तू असेल, माणूस असेल, तर तो या वाटेवर कुठे राहिला?

भारतीय तत्त्वज्ञानात हा प्रश्न अगदी शांतपणे, सूक्ष्मदर्शकाखाली धरावा तसा धरून पाहिला गेला आहे. ते काम वैशेषिकांनी केले. कणादांच्या या दर्शनात जग म्हणजे द्रव्य, गुण, कर्म अशा पदार्थांची मांडणी. प्रशस्तपादांनी आपल्या भाष्यात गुणांची यादी चोवीसवर नेली. रंग, चव, वास, स्पर्श यांच्या पाठोपाठ त्या यादीत एक गुण येतो जो आजच्या वाचकाला तिथे अपेक्षित नसतो: संख्या. लाल असणे हा जसा टॉवेलचा गुण, तसा ‘एक’ असणे हाही त्याचा गुण. तो त्याच्यात राहतो आणि त्याच्याबरोबरच जातो.

मग दोन, तीन, आठ यांचे काय? इथे वैशेषिकांनी फार नाजूक गोष्ट सांगितली. ‘दोन’ हा गुण वस्तूंमध्ये पडून नसतो. ‘हा एक, आणि हा एक’ असे दोन्हींना मिळून पाहणारे ज्ञान कुणाच्या तरी मनात उपजावे लागते. त्याला त्यांनी अपेक्षाबुद्धी म्हटले. ती उपजली की त्या दोन वस्तूंत द्वित्व निर्माण होते. ती ओसरली की द्वित्वही नाहीसे होते. प्रशस्तपादांनी ही घडामोड क्षणाक्षणाने लावून दाखवली आहे: आधी काय उपजते, मग काय, आणि कोणत्या क्षणी काय नष्ट होते. आजचा प्रोग्रामर लूपच्या प्रत्येक फेरीत व्हेरिएबलची किंमत कागदावर लिहून बघतो, तशीच ती शिस्त आहे.

म्हणजे तीन टॉवेलांचे त्रित्व मोजणाऱ्याच्या नजरेने आणलेले आहे, आणि प्रत्येकाचे एकत्व त्याचे स्वतःचे आहे. मोजणी एकत्वाला धक्का लावूच शकत नाही. ‘माणसाचा आकडा झाला’ अशी तक्रार आपण उठता-बसता करतो, आणि दोष मोजण्याला देतो. वैशेषिकांच्या अंगाने पाहिले तर हा दोष चुकीच्या दारात टाकला जातो. मोजताना ते तिघे तिथेच असतात, आपापले एकपण घेऊन. ते हरवतात नंतर. बेरीज हाती आली, आता मूळ यादी कशाला हवी, असे कुणीतरी ठरवते तेव्हा.

या दर्शनाचे नावच ‘विशेष’ या पदार्थावरून आले, हेही इथे आठवते. टॉवेल टॉवेलापासून धाग्यांमुळे वेगळा, धागा धाग्यापासून तंतूंमुळे वेगळा. असे खाली जात जात अणूपाशी पोचलो, की अवयव संपतात. एकाच जातीचे दोन अणू सर्व बाबतींत सारखे. तरी ते दोन आहेत, एक नव्हेत. कशामुळे? त्या प्रत्येकात एक ‘विशेष’ आहे, ज्याला दुसऱ्या कशाचा आधार लागत नाही, असे उत्तर त्यांनी दिले. अद्वैत वेदान्ताला हे पटणारे नव्हते. घटातले आकाश आणि बाहेरचे आकाश यांत भेद घटाने आणलेला. घट फुटला की विचारण्यासारखे काही उरत नाही, ही त्यांची बाजू. ती बाजू मोठी आहे आणि महाराष्ट्राच्या भक्तीच्या मातीत खोल मुरलेली आहे. पण टेबलापाशी उभ्या असलेल्या बाईचा प्रश्न त्या बाजूने सुटत नाही. तिला आठ टॉवेल बांधून द्यायचे असतात, आणि एक जरी कमी भरला तर तो कोणता हे सांगावे लागते.

या सगळ्या विचाराचा एक पूर्वज सोलापूरच्या कारखान्यांत रोज कामगारांच्या डोक्यावर लटकत असतो. सोलापुरी चादरीची नक्षी जॅकार्डवर विणली जाते. मागाच्या वर छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ. जिथे छिद्र तिथे ताण्याचा धागा वर, जिथे नाही तिथे खाली. १९व्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्समध्ये ल्योंच्या जोसेफ मारी जाकार यांनी ही युक्ती मागावर बसवली. छिद्र आहे किंवा नाही, या दोनच अक्षरांत मोर, फूल, वेल, सगळे लिहिता येते. पुढे छिद्रांचीच लिपी हर्मन हॉलरिथ यांनी माणसे मोजायला वापरली. १८९०च्या अमेरिकी जनगणनेत दर माणसामागे एक कार्ड होते. कार्ड यंत्राखाली ठेवून दांडा दाबला की बारीक तारा छिद्रांतून खाली जाऊन पाऱ्याला टेकत, वीजप्रवाह पुरा होई, आणि समोरच्या तबकडीवरचा काटा एकाने पुढे सरके.

इथवर ती नुसती मोजणी. पण त्याच क्षणी शेजारच्या पेटीतल्या एका खणाचे झाकण उघडत असे, आणि यंत्र चालवणारी व्यक्ती ते कार्ड उचलून त्या खणात टाकत असे. एका हालचालीत दोन कामे: आकडा वाढला आणि कार्डही जपले गेले. मुलाच्या पहिल्या प्रोग्राममध्ये यातला दुसरा हातच नव्हता.

त्याआधीची एक अडचण मात्र प्रत्येक नवशिक्याला भोगावी लागते, आणि तिच्यातही तत्त्वज्ञान दडलेले आहे. सी भाषेत फंक्शनच्या आत ॲरे केला आणि त्यात शून्य भरायचे राहून गेले, तर खण रिकामे नसतात. आधीच्या कुठल्या तरी कामाचा गाळ त्यांत पडलेला असतो. चारचा एकही टॉवेल आला नसताना प्रोग्राम सांगतो, चारचे ३२,७६४. दुसरी चूक याहून सामान्य: सर्वांत मोठे माप ४, म्हणून खण चारच करायचे. शून्यापासून मोजत गेले की ४ हा क्रमांक बाहेर पडतो, आणि सी भाषा ओरडतही नाही. शेजारच्या कुणाच्या तरी जागेत गुपचूप लिहून येते.

शून्य भरणे हे हमालीचे काम वाटते, पण ‘नाही’ आणि ‘माहीत नाही’ यांतली सीमा तिथेच आखली जाते. वैशेषिक परंपरेने पुढे सातवा पदार्थ मानला, तो अभाव. शिवादित्यांच्या ग्रंथाचे नावच सप्तपदार्थी. जमिनीवर घट नाही, हे ज्ञान जमीन पाहूनच होते. डोळे मिटलेल्याला घटही कळत नाही आणि घटाचा अभावही कळत नाही. काउंटिंग सॉर्टच्या शेवटी एखाद्या खणात ० दिसते, तेव्हा ते पाहून ठेवलेले शून्य असते: सगळी यादी बघितली, या मापाचा एकही आला नाही. आई संध्याकाळी “मोठा एकपण न्हाई आज” म्हणते, तेव्हा तिच्या शब्दामागेही पूर्ण ढीग उपसल्याची खात्री असते. गाळाने भरलेल्या खणातून शून्याची नक्कल कधी कधी योगायोगाने बाहेर पडते. दिसायला दोन्ही सारखीच.

आता पद्धतीचा जो भाग खरोखर सुंदर आहे तो. खणांतले आकडे १, ३, १, २, १. मुलगा त्यांची चढती बेरीज करतो: १, ४, ५, ७, ८. आता प्रत्येक खण वेगळेच सांगू लागतो. एक क्रमांकाचा खण म्हणतो, माझ्या मापाची शेवटची जागा चौथी. तीन क्रमांकाचा म्हणतो, माझी शेवटची जागा सातवी. एकही टॉवेल जागचा हललेला नाही, आणि आठही जणांच्या जागा राखून झाल्या आहेत. कुणी कुणाला ढकलणार नाही, कुणाला पुढे जायला दुसऱ्याला मागे सारावे लागणार नाही.

क्रम म्हटला की वरचा-खालचा आलाच, असे आपण धरून चालतो. बबल सॉर्टमध्ये ते खरे आहे. तिथे माझी जागा शेजाऱ्याला हरवूनच मिळते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जातिव्यवस्थेला श्रेणीबद्ध विषमता म्हटले ते याच अर्थाने नेमके आहे. वर कुणीतरी आहे याची बोच, आणि खाली कुणीतरी आहे याचा दिलासा. या दोन शेजाऱ्यांच्या तुलनेतच प्रत्येकाला गुंतवून ठेवले, म्हणून ती रचना इतकी टिकली, असे त्यांचे विश्लेषण. तुलनेने लावलेल्या क्रमाचा स्वभावच असा. काउंटिंग सॉर्टमध्ये टॉवेल दुसऱ्या टॉवेलाकडे बघत नाही. स्वतःचे माप आणि त्या मापाची राखलेली जागा, एवढेच नाते. सोलापूरच्या यात्रेत याचे फार जुने रूप दिसते. १२व्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांनी गावाभोवती ६८ लिंगे स्थापिली, असे परंपरा सांगते. यात्रेच्या सुरुवातीला सात नंदीध्वज त्या ६८ लिंगांच्या प्रदक्षिणेला निघतात. वाटेत एक लिंग आधी येते, एक नंतर. पहिले लिंग अडुसष्टाव्याहून मोठे, असे कुणी म्हणत नाही. क्रम आहे, पण तो चालण्याचा.

इथे थांबून एक मोठी अट सांगायला हवी. ही पद्धत चालते ती खण आधीपासून ठरलेले असतील तरच. किती मापे असू शकतात, कोणती, हे मोजणी सुरू होण्यापूर्वी माहीत पाहिजे. आणि कोण कोणत्या खणाचा, हे प्रोग्राम तपासत नाही. कपाळावर जो आकडा लिहिला असेल त्यावर तो डोळे मिटून विश्वास ठेवतो.

सोलापूरने या विश्वासाची किंमत पाहिली आहे. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही समाज जन्मानेच गुन्हेगार ठरवले. सोलापुरात त्यांच्यासाठी तारेच्या कुंपणाची वसाहत उभी राहिली; सेटलमेंट हा शब्द शहराच्या नकाशावर आजही आहे. तिथली माणसे गिरण्यांत राबत आणि ठरल्या वेळी हजेरी देत. रोज मोजली जात. मोजणी बिनचूक असेल, प्रत्येक खणातला आकडा खरा असेल; खण मात्र खोटा होता. मूल जन्मण्याआधी त्याचा खण ठरलेला, आणि त्याने आयुष्यभर काहीही केले तरी तो बदलणार नव्हता. कायदा रद्द झाला तो ३१ ऑगस्ट १९५२ रोजी, आणि हा दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी आलेला हा दुसरा स्वातंत्र्यदिन ज्यांना साजरा करावा लागतो, त्यांच्यासमोर क्रमवारीच्या कोणत्याही पद्धतीचे कौतुक जपूनच करावे.

त्याच जिल्ह्यात आषाढीला माणसाच्या अंगावर दुसऱ्या प्रकारचा आकडा येतो. ज्ञानेश्वरमाउलींच्या पालखीबरोबर चालणाऱ्या दिंड्यांना क्रमांक असतात: रथापुढच्या इतक्या, रथामागच्या इतक्या. लाखोंच्या गर्दीत म्हातारी चुकली, तर तिला स्वतःचे गाव नीट सांगता आले नाही तरी ‘रथामागं अमुक नंबर’ एवढे पुरते. मुक्कामी समाजआरतीच्या वेळी चोपदाराचा दंड वर जातो, सगळे टाळ एकदम थांबतात, आणि त्या शांततेत हरवले-सापडलेले पुकारले जाते. सेटलमेंटच्या हजेरीतही आकडा होता आणि दिंडीतही आकडा आहे. एक माणसाला बाहेर जाऊ न देण्यासाठी, दुसरा चुकलेल्याला आपल्या माणसांत पोचवण्यासाठी. गणिताच्या पुस्तकात या दोहोंत फरक करण्याची सोय नाही. तो बाहेरून आणावा लागतो.

सारख्यांचे वेगळेपण या प्रश्नाला सर्वांत धीट उत्तर मात्र जैनांनी दिले आहे, आणि त्याचा एक धागा सोलापुरातून जातो. नवव्या शतकात राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात महावीराचार्यांनी गणितसारसंग्रह लिहिला. खगोलशास्त्राचा आधार न घेता केवळ गणितावर लिहिलेल्या जुन्या भारतीय ग्रंथांत त्याचे स्थान फार वरचे आहे. अनेक वस्तूंमधून काही निवडण्याचे प्रकार किती, याचा सर्वसाधारण नियम त्यात आहे. हा ग्रंथ हिंदी अनुवादासह १९६३ साली सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेतून प्रसिद्ध झाला. चादरी-टॉवेलांच्या या गावातून हजार वर्षांपूर्वीचे गणित प्रसिद्ध झाले, ही गोष्ट शहराने अधिक अभिमानाने सांगायला हवी.

जैन परंपरेला मोजण्याचे वेड होते, आणि त्या वेडामागे श्रद्धा होती. संख्यात, असंख्यात, अनंत असे संख्येचे थर त्यांनी लावले, कारण जीव अनंत आहेत आणि त्यांतला एकही गाळायचा नाही. मुक्त झालेला जीव, म्हणजे सिद्ध, लोकाच्या शिखरावर जाऊन राहतो. सर्व सिद्धांचे ज्ञान अनंत, दर्शन अनंत, सुख अनंत, वीर्य अनंत. त्या बाबतीत एकाला दुसऱ्याहून कणभरही कमी-जास्त म्हणता येत नाही. तरी ते एकमेकांत विरघळत नाहीत. प्रत्येक सिद्ध वेगळा जीव म्हणून कायम राहतो. आणि अवगाहन नावाच्या गुणामुळे एकाच जागेत अनंत सिद्ध एकमेकांना अडथळा न करता राहू शकतात. नवशिक्या प्रोग्रामरच्या भाषेत सांगायचे तर सगळ्यांची किंमत एकच, खण एकच, आणि तरीही खणात केवळ बेरीज नाही. तिथे ते सगळे आहेत.

समता म्हणजे सगळ्यांना एका आकड्यात मिटवणे, ही भीती ज्यांना वाटते त्यांनी या कल्पनेपाशी थोडे थांबावे. समान असण्यासाठी एकच व्हावे लागते, असे या परंपरेने मानले नाही.

मुलाचा प्रोग्राम तिथवर न्यायला आता एकच लूप उरला आहे. चढत्या बेरजेचा ॲरे समोर आहे: १, ४, ५, ७, ८. आउटपुटसाठी आठ जागांचा रिकामा ॲरे केलेला आहे. आता मूळ यादीकडे परत जायचे आणि प्रत्येक टॉवेल स्वतः उचलून त्याच्या जागी ठेवायचा. पुस्तकात लिहिलेले असते, ही फेरी शेवटाकडून सुरुवातीकडे करा. का, हे बहुतेक विद्यार्थी विचारत नाहीत, पाठ करतात. आठवा टॉवेल एक मापाचा. एकच्या खणात ४ लिहिले आहे, म्हणून तो चौथ्या जागी ठेवायचा आणि खणातले ४ कमी करून ३ करायचे. मग सातवा, दोनचा, पाचव्या जागी. सहावा, तीनचा, सातव्या जागी. पाचवा, शून्याचा, पहिल्या जागी. चौथा पुन्हा एक मापाचा; खणात आता ३, म्हणून तिसऱ्या जागी. तिसरा, चारचा, आठव्या जागी. दुसरा, तोही एकचा, दुसऱ्या जागी. पहिला, तीनचा, सहाव्या जागी. संपले. एक मापाचे तिघे आता दुसरा, चौथा, आठवा अशाच क्रमाने बसले आहेत, जसे टेबलावर आले होते तसे. जो आधी आला तो आधी.

याला स्थिर क्रमवारी म्हणतात, आणि वैशेषिकांच्या चोवीस गुणांत तिच्यासाठीही शब्द आहेत: परत्व आणि अपरत्व, म्हणजे काळातले आणि जागेतले दूरपण-जवळपण. मापाने सारखे असलेल्यांतही हा गुण उरतोच. कुणी आधी आलेला असतो, कुणी नंतर. व्यवहारात त्याचा उपयोग रोकडा आहे. आईने सकाळी टॉवेल रंगाप्रमाणे लावले आणि दुपारी मापाप्रमाणे लावले, तर मापाच्या प्रत्येक गठ्ठ्यात रंग ओळीने राहिले पाहिजेत. दुपारच्या कामाने सकाळचे काम विस्कटले, तर सकाळची मेहनत फुकट. छिद्रांची कार्डे लावणारी जुनी यंत्रेही अशीच चालत: लांबलचक क्रमांकाचा शेवटचा अंक आधी, मग त्याच्या डावीकडचा, मग त्याच्याही. प्रत्येक फेरीने आधीच्या फेरीचा क्रम सांभाळला तरच शेवटी गठ्ठा बरोबर लागे.

हीच फेरी सुरुवातीकडून शेवटाकडे केली तर काय होते? प्रत्येक टॉवेल बरोबर मापाच्या ढिगात जातो. प्रोग्राम बंद पडत नाही, कुठलीही तक्रार करत नाही. पण एक मापाचे तिघे उलटे बसतात: आठवा पुढे, मग चौथा, आणि सगळ्यांत आधी आलेला दुसरा सगळ्यांच्या मागे. पडद्यावर मात्र तेच उमटते: ०, १, १, १, २, ३, ३, ४. परीक्षक बघतो, बरोबर. विद्यार्थी बघतो, बरोबर. सारख्यांमध्ये जो अन्याय झाला तो आकड्यांत कुठेच दिसत नाही, कारण आकड्यांपुरते ते तिघे एकच आहेत.

मुलाने आणखी एक ॲरे केला. मापाशेजारी प्रत्येक टॉवेल कितवा आला होता, तेही लिहून ठेवले. प्रोग्राम मागून पुढे चालवला आणि या वेळी दोन्ही रकाने छापले. आईने चष्मा लावून दुसऱ्या रकान्यावर बोट ठेवले आणि एक मापाच्या तीन ओळी मोठ्याने वाचल्या: दुसरा, चौथा, आठवा.